समाजमाध्यमे, हरवलेले अवधान आणि मानवी संबंध : अध्यात्माच्या उपाययोजनेचा एक विचार

सारांश :
समाजमाध्यमांनी माणसामाणसांतील संपर्क अभूतपूर्व प्रमाणात वाढविला; परंतु संपर्काच्या या वाढीबरोबर संबंध दृढ झाले, असे म्हणता येत नाही. माध्यमांचा मूळ आघात माणसाच्या अवधानावर होतो व अवधान विरले की संबंधही विरतो, अशी भूमिका प्रस्तुत लेखात मांडली आहे. अवधान जोपासणारी जीवनपद्धती या अर्थाने अध्यात्माचा विचार करून त्याच्या उपयुक्ततेची आणि मर्यादांचीही चर्चा येथे केली आहे.

बीजसंज्ञा : समाजमाध्यमे, संबंध, अवधान, एकांत, सत्संग, सेवा.

प्रस्तावना :
माणूस हा समाजशील प्राणी आहे, हे विधान आपण वर्गात इतक्या वेळा उच्चारतो, की त्याचा अर्थ तपासण्याची गरज आपल्याला वाटेनाशी झाली आहे. प्रस्तुत लेखकाला ती गरज एका प्रसंगाने जाणवली. पदवीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याचे वडील अकस्मात निधन पावले. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर ही वार्ता येताच काही मिनिटांत श्रद्धांजलीच्या संदेशांची रीघ लागली. जोडलेल्या हातांचे एक चिन्ह लेखकानेही पाठविले आणि आपले कर्तव्य पार पडले अशा समाधानात तो पुढील कामाला लागला. पंधरा दिवसांनी तो विद्यार्थी वर्गात आला, तेव्हा त्याच्या शेजारच्या बाकावरील मुलांना त्याच्याशी काय बोलावे हे सुचत नव्हते. त्याच्या घरी कोणीही गेले नव्हते, लेखकही गेला नव्हता. घर महाविद्यालयापासून अवघ्या सात-आठ किलोमीटरवर होते.

पूर्वी अशा प्रसंगी माणसे दारात जाऊन बसत. फारसे बोलत नसत, पण बसत. त्या बसण्याची जागा संदेशाने घेतली आणि ती घेतल्याचे कोणाच्या लक्षातही आले नाही. हा बदल कसा घडला, त्याची कारणे कोणती आणि त्यावर अध्यात्म हा उपाय ठरू शकतो काय, या प्रश्नांचा शोध घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :
१) समाजमाध्यमांच्या रचनेचा मानवी संबंधांवर होणारा परिणाम समजून घेणे.
२) अध्यात्म या संकल्पनेतील संबंधविषयक आशय स्पष्ट करणे.
३) महाविद्यालयीन जीवनात अवलंबिता येतील अशा उपायांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती :
प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित संशोधन, महाराष्ट्रातील संतपरंपरा आणि लेखकाचे अध्यापनातील निरीक्षण यांचा आधार घेतला आहे.

संपर्क आणि संबंध :
संपर्क आणि संबंध हे शब्द आपण पुष्कळदा समानार्थी म्हणून वापरतो. वस्तुतः त्यांत मूलभूत भेद आहे. संपर्क साधता येतो, संबंध जोपासावा लागतो. संपर्काला साधन पुरेसे असते. संबंधाला वेळ, उपस्थिती आणि परस्परांचा भार वाहण्याची तयारी लागते. आजारी माणसाजवळ रात्र काढणे, भांडण झाल्यावर पुन्हा त्याच माणसाच्या घरी जाणे, न आवडणाऱ्या नातेवाइकाला पंगतीत शेजारी बसवून घेणे, या गोष्टी गैरसोयीच्या असतात आणि संबंध नेमके त्या गैरसोयींतून घडतात.

संबंधांचे महत्त्व केवळ भावनिक नाही. ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांतील सुमारे ३ लाख ८ हजार व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण केले. ज्यांचे सामाजिक संबंध दृढ होते, त्यांची अभ्यासकाळात हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक एकाकीपणाने ग्रस्त असून दरवर्षी अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध एकाकीपणाशी आहे. जगाच्या इतिहासात संपर्काची साधने सर्वाधिक असलेल्या काळातील हे चित्र आहे. या एकाकीपणाचे एकमेव कारण समाजमाध्यमे आहेत, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. स्थलांतर, विभक्त कुटुंबपद्धती, दारिद्र्य, आजारपण व वार्धक्य हीही कारणे आहेतच.

माध्यमांची घडण आणि अवधानाचा व्यापार :
ऑर्कुट व फेसबुक २००४ मध्ये, व्हॉट्सॲप २००९ मध्ये आणि इन्स्टाग्राम २०१० मध्ये सुरू झाले. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडले. परंतु मित्रांची यादी करण्याची जी सवय त्याने आपल्या पिढीला लावली, ती टिकली. २०१६ नंतर भारतात इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि शहरापुरती मर्यादित असलेली ही माध्यमे वाडीवस्तीपर्यंत पोहोचली.

ही माध्यमे बहुतांशी विनामूल्य आहेत. त्यांचे उत्पन्न प्रामुख्याने जाहिरातींतून येते आणि जाहिरातदाराला जे विकले जाते, ते वापरणाऱ्याचे अवधान होय. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच असे प्रतिपादन केले होते, की माहितीची विपुलता अवधानाचे दुर्भिक्ष निर्माण करते. दुर्भिक्ष असलेली वस्तू मौल्यवान ठरते व तिचा व्यापार सुरू होतो. फेसबुकवर २००९ मध्ये आलेले पसंतीचे बटण, कधीच न संपणारा मजकुराचा प्रवाह, संदेश वाचला गेल्याची निळी खूण या सर्व सोयींचा परिणाम एकच होतो : माणूस पडद्याकडे वारंवार परत येतो. एखादी गोष्ट संपली, की माणूस उठतो. जी संपतच नाही, तिच्यापासून उठण्याचा क्षण येत नाही.

अवधान हेच संबंधाचे मूलद्रव्य आहे. आपण दुसऱ्याला देऊ शकतो अशी सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे आपले अविभाजित लक्ष होय. बोलता बोलता समोरच्याने मोबाइलकडे पाहिले, तर आपले वाक्य आपोआप आखूड होते, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. शेरी टर्कल यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अलोन टुगेदर’ या ग्रंथात एकत्र असूनही एकटे असण्याच्या या अवस्थेचे विस्तृत विवेचन केले आहे.

संबंधांवरील परिणाम :
मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ८२ तरुणांचा दोन आठवडे अभ्यास केला. फेसबुकचा वापर वाढला की त्यानंतरच्या काळात समाधानाची भावना घटते, असे त्यांना आढळले. प्रत्यक्ष भेटीगाठींच्या बाबतीत मात्र तसे आढळले नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात काही व्यक्तींना २०१८ च्या निवडणुकीपूर्वी चार आठवडे फेसबुक बंद ठेवण्यास सांगण्यात आले. त्यांचा कुटुंबीय व मित्र यांच्या सहवासातील वेळ वाढला आणि समाधानातही अल्प वाढ झाली. याउलट एमी ऑर्बेन व अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये असे दाखविले, की किशोरवयीनांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी फार तर ०.४ टक्के फरकाचेच स्पष्टीकरण डिजिटल तंत्रज्ञानाच्या वापरातून मिळते. म्हणजेच माध्यमांचा परिणाम सर्वांवर सारखा नाही आणि सरसकट भयसूचक विधाने करणे शास्त्रीय दृष्टीने योग्य ठरणार नाही. परदेशातील मुलाचा चेहरा रोज पाहणाऱ्या वृद्ध मातापित्यांना किंवा सांकेतिक भाषेत दूरस्थ मित्राशी बोलणाऱ्या कर्णबधिर युवकाला ही माध्यमे वरदान वाटली, तर त्यात नवल नाही.

तथापि सरासरीच्या आकड्यांत न मावणाऱ्याही काही घटना असतात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवरून पसरली होती. मृत व्यक्ती नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या होत्या. भिक्षा मागत गावोगाव फिरणे ही या समाजाची पिढ्यान्पिढ्यांची रीत. दारी आलेल्या गोसाव्याला मूठभर पीठ वाढण्याची रीतही महाराष्ट्रात तितकीच जुनी. हातातील पडद्यावरचा अनोळखी इशारा खरा ठरला आणि समोर उभा असलेला, आपले ओळखपत्र दाखवू पाहणारा माणूस खोटा ठरला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. तांत्रिक उपाय म्हणून ते योग्यच होते. परंतु समोरच्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी कोणतेही तंत्र पुरवू शकत नाही. येथे कोण्या एका गावाला दोष देण्याचा हेतू नाही. प्रश्न आपल्या सर्वांच्या दृष्टीचा आहे आणि येथेच अध्यात्माचा विचार प्रस्तुत ठरतो.

अध्यात्म : संकल्पना आणि आशय :
अध्यात्म म्हणजे कर्मकांड नव्हे, तसेच संसारापासून पलायनही नव्हे. प्रस्तुत लेखात अध्यात्म हा शब्द ‘स्वतःच्या मनाकडे सजगतेने पाहण्याची आणि त्या सजगतेतून इतरांशी आत्मीयतेने वागण्याची साधना’ अशा अर्थाने वापरला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धर्म व धम्म यांत भेद करताना धम्म हा मूलतः सामाजिक असल्याचे प्रतिपादन केले आहे. एकट्या माणसाला धम्माची आवश्यकता नाही. दोन माणसे परस्परसंबंधात आली, की ती निर्माण होते, असा त्यांचा आशय आहे. मानवी संबंधांच्या चर्चेत हा विचार पायाभूत मानावा लागेल.

इ. स. १२९० मधील ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात. धन नव्हे, स्तुती नव्हे, अवधान. आजची माध्यमेही आपल्याकडे तेच मागतात. दोन्हींतील भेद असा, की ज्ञानेश्वर मागतात ते अवधान श्रोत्याला अधिक समृद्ध करून परत मिळते. माध्यमे घेतात ते तिसऱ्यालाच विकले जाते. हा भेद लक्षात घेतला, म्हणजे अध्यात्मसाधनेची तीन अंगे या समस्येवर कशी उपयोगी पडतात, ते स्पष्ट होईल.

अ) एकांत : एकाकीपणा आणि एकांत यांत मोठे अंतर आहे. एकाकीपणा लादला जातो, एकांत स्वीकारला जातो. क्षणभर रिकामे राहावे लागले तरी हात मोबाइलकडे जातो, याचे कारण स्वतःच्या सहवासाची आपल्याला सवय उरलेली नाही. सत्यनारायण गोयंका यांच्या परंपरेतील इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी येणाऱ्या साधकाला आरंभीच मोबाइल जमा करावा लागतो आणि बहुतेक काळ आर्य मौन पाळावे लागते. आधी श्वासाकडे आणि नंतर शरीरातील संवेदनांकडे प्रतिक्रिया न देता पाहणे, हा तेथील अभ्यास. प्रतिक्रिया न देता पाहणे हीच नेमकी समाजमाध्यमांनी हिरावून घेतलेली क्षमता होय. शिबिराची सांगता मंगल मैत्रीने, म्हणजे सर्वांप्रति सद्भावना व्यक्त करून होते, हेही येथे ध्यानात घ्यावे. एकांताचा शेवट इतरांपाशी होतो.

आ) सत्संग : आषाढी वारीत आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंतची वाट वारकरी दोन-तीन आठवडे पायी चालतात. एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि वयाचा विचार न करता परस्परांच्या पाया पडतात. ज्याचे नाव ठाऊक नाही, अशा माणसालाही आईच्या नावाने हाक मारण्याची ही रीत म्हणजे अनोळखी माणसाकडे पाहण्याची एक शिकविलेली दृष्टी आहे. राईनपाड्यासारख्या घटनेत जे हरवते, ते या एका संबोधनात जपलेले आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये सामूहिक चैतन्याची कल्पना मांडली. एकाच तालात चालणाऱ्या दिंडीत तिचा प्रत्यय येतो. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात अनोळखी माणसे एका रांगेत बसून तेच अन्न ग्रहण करतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. मात्र २०२० व २०२१ मध्ये महामारीमुळे पायी वारी झाली नाही व पादुका एस.टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या, तेव्हा असंख्य वारकऱ्यांनी मोबाइलवरच दर्शन घेतले, हेही नमूद केले पाहिजे. माध्यमाने त्या वेळी सांत्वन केले, यात शंका नाही. परंतु वारी पुन्हा सुरू होताच माणसे पुन्हा चालू लागली, यावरून पाहणे आणि चालणे यांतील अंतर त्यांना ठाऊक होते, हे उघड आहे.

इ) सेवा : संत गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याकडूनच उत्तरे वदवून घेत. त्या कीर्तनात कोणी निव्वळ प्रेक्षक राहू शकत नसे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना आणि ग्रामसेवा यांची सांगड घातली व ‘ग्रामगीते’त तिला ग्रामजीवनाच्या पुनर्रचनेचे अधिष्ठान दिले. सेवेत दुसऱ्याचे दुःख डोळ्यांनी पाहून हाताने हलके करावे लागते. पसंतीची खूण उमटविण्याने ते साधत नाही.

अध्यात्माच्या मर्यादा :
अध्यात्माला उपाय म्हणताना त्याच्या अपयशाकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात वारीचा आपला अनुभव वर्णिला आहे. एकाच दिंडीत अभंग एकत्र गाणाऱ्या पण जेवायला वेगवेगळे बसणाऱ्या जातींचे चित्र त्यांनी त्यात रेखाटले. ज्या विठ्ठलासमोर सर्व समान मानले जात, त्याच्या मंदिराची दारे दलितांसाठी उघडावीत म्हणून साने गुरुजींना १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण करावे लागले. तात्पर्य, एकत्र येणे म्हणजे आपोआप जोडले जाणे नव्हे. हे माध्यमांइतकेच भक्तिसंप्रदायांनाही लागू आहे.

दुसरी मर्यादा आजच्या काळातील आहे. अध्यात्म स्वतःच माध्यमांचा कच्चा माल बनू लागले आहे. रोज सकाळी देवाच्या चित्रासह येणारे सुविचार, ध्यानाला बसल्याचे छायाचित्र, कीर्तनातून कापून घेतलेली अर्ध्या मिनिटाची विनोदी चित्रफीत यांतून साधनेचे प्रदर्शन घडते, साधना घडत नाही. इतकेच नव्हे, तर धर्माच्या नावाने द्वेष पसरविणारे संदेशही याच मार्गाने येतात. म्हणून जे अध्यात्म समोरच्या माणसाविषयीची आस्था वाढविते तेच येथे अभिप्रेत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे तीव्र नैराश्याने किंवा व्यसनाधीनतेने ग्रस्त विद्यार्थ्याला केवळ नामस्मरणाचा सल्ला देणे घातक ठरू शकते. तेथे समुपदेशक व वैद्यकीय उपचार यांना पर्याय नाही. अध्यात्म त्यांना पूरक ठरावे.

महाविद्यालयीन जीवनातील उपयोजन :
सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने ऑगस्ट २०२२ पासून एक उपक्रम सुरू केला. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी दूरदर्शन संच व मोबाइल बंद ठेवले जात. मुले अभ्यासाला बसत, मोठी माणसे वाचन व गप्पा करीत. हा उपक्रम धार्मिक नव्हता. परंतु त्याचे स्वरूप व्रताचे होते. ठरलेली वेळ, सर्वांनी मिळून घेतलेला संकल्प आणि एक सामूहिक खूण ही व्रताची तिन्ही लक्षणे त्यात दिसतात. एकट्याने मोबाइल बाजूला ठेवणे कठीण जाते, कारण बाकी सारे तेथेच असतात. सर्वांनी एकाच वेळी ठेवला, तर ते सोपे होते.

यापासून बोध घेऊन महाविद्यालयांना पुढील गोष्टी करता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात सायंप्रार्थना, मौन आणि भोजन या काळात मोबाइल एकत्र जमा ठेवावेत. प्रार्थना कोणत्याही एका धर्माची नसावी. श्रद्धा नसलेल्या विद्यार्थ्याला केवळ शांत बसण्याची मोकळीक असावी. तासाच्या आरंभी दोन मिनिटे स्तब्धता पाळावी. विद्यार्थ्याच्या घरी दुःखद प्रसंग घडल्यास एक शिक्षक व दोन विद्यार्थी यांनी प्रत्यक्ष भेट द्यावी, असा प्रघात प्रत्येक विभागाने पाडावा. या कशालाही निधी लागत नाही. आणि ज्या नियमाची अपेक्षा विद्यार्थ्यांकडून करावयाची, तो प्रथम शिक्षक-कक्षात पाळला जावा, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

निष्कर्ष :
१) समाजमाध्यमांनी संपर्क सुलभ केला, परंतु संबंधाला आवश्यक असणारे अवधान विखुरले.
२) माध्यमांचे दुष्परिणाम सर्वांवर समान नसल्याने सरसकट बंदीपेक्षा विवेकी मर्यादा अधिक इष्ट ठरते.
३) एकांत, सत्संग व सेवा या त्रयीतून अवधानाची जोपासना होते, यांपैकी एकच अंग घेतल्यास अध्यात्म आत्ममग्न किंवा प्रदर्शनी होण्याचा धोका संभवतो.
४) समता व करुणा यांची जोड नसलेले अध्यात्म संबंध जोडीत नाही, तोडते.
५) वैयक्तिक निश्चयापेक्षा सामूहिक संकल्प अधिक परिणामकारक होण्याची शक्यता असते.

समारोप :
आरंभी उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याच्या घरी प्रस्तुत लेखक पुढे गेला. परंतु तोवर दीड महिना लोटला होता. त्याच्या आईने चहा केला. बोलणे फारसे झाले नाही. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, “सर, तुम्ही आलात, बरं वाटलं.” गटावरील संदेशांचा उल्लेख त्यांनी केला नाही, कारण ते त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. माध्यमे राहणार आहेत व त्यांचा उपयोगही आपण करीत राहणार आहोत. मात्र कोणता निरोप पाठवावा आणि कोणता स्वतः जाऊन द्यावा, हा विवेक जागा ठेवणे हे अध्यात्माचे आजचे कार्य आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.